होय म्हणणारा

त्या आठवड्यात मी देवाशी अबोला धरला होता, हे आधीच कबूल करते. मी तेव्हा इंग्लंडमधल्या एका बंदराच्या शहरात नर्स होते. इकडे रत्नागिरीत, मांडवीला, आई आणि धाकटा भाऊ. आईला हृदयाचं दुखणं होतं आणि डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या मुंबईतही मिळेनात, म्हणून त्या मी तिकडून पाठवायच्या असं ठरलं. मी मोठ्या शहाणपणाने पार्सल केलं आणि कस्टमचा कागद जोडायलाच विसरले. पंधरा दिवसांनी ते माझ्याच दारात परत आलं. त्याच दुपारी भावाची तार आली, की घरात आठच दिवसांच्या गोळ्या उरल्यात. पोस्टाला तीन आठवडे लागणार. स्वतः जावं तर माझा पासपोर्ट मुदत वाढवायला सरकारी कचेरीत दिलेला. आपल्या हाताने आपल्या आईचं मरण ओढवतेय, असं वाटून मला अन्न जाईना.

आणि दुसऱ्याच दिवशी आमच्या शहरात ख्रिस्ती लोकांची मोठी आंतरराष्ट्रीय परिषद सुरू व्हायची होती. मदतनीस म्हणून मी महिनाभर आधी नाव दिलेलं. आता नाही म्हणायला तोंड नव्हतं, म्हणून गेले. काम साधंच, आलेल्यांना त्यांच्या खोल्या दाखवायच्या, म्हाताऱ्यांना चहा आणून द्यायचा. गोळ्यांची पिशवी खांद्याला तशीच लटकलेली. भारतातून आलेले तिघे भेटले तेव्हा आशा वाटली, पण ते तिथून पुढे महिनाभर अमेरिकेला जाणार होते. मी हसून त्यांना चहा दिला आणि मोरीत जाऊन रडले. व्यासपीठावर कुणी देवाच्या कृपेबद्दल बोलू लागलं की मी मुद्दाम कपबशा आपटायची. राग माझ्या नाकावरच असतो, त्यात हे निमित्त.

मदतनिसांची सकाळची प्रार्थना शेजारच्या खलाशांच्या वसतिगृहात व्हायची, कारण सभागृहात जागा नसे. तिसऱ्या दिवशी आमच्या पुढारीणबाई म्हणाल्या, आज प्रत्येकाने आपापल्या भाषेत प्रार्थना करावी. माझी पाळी आली. "हे आमच्या स्वर्गीय बापा" म्हणून मी सुरुवात केली आणि पुढे शब्दच येईना. वडील राजापूर तालुक्यात शाळामास्तर होते, माझं बालपण तिथल्या खेड्यात गेलं. गावकरी देवळापुढे जमून देवाला गाऱ्हाणं घालायचे, एक जाणता माणूस गावाची दुखणी बोलून दाखवायचा आणि बाकीचे होय म्हणायचे. आम्ही ख्रिस्ती, त्यामुळे मी ते दगडी गडग्याआडून ऐकलेलं. आमच्या घरची प्रार्थना शुद्ध मराठीत. पण त्या सकाळी ती शुद्ध भाषा मला सोडून गेली आणि गावची बोली तोंडातून बाहेर पडली.

"बा देवा म्हाराजा, माज्या आयशीचं औषध हय माज्या पिशवीत पडलंय, नि ती तिकडं खाटेवर पडलीय. माज्या हातून आता काय होत नाय. तूच काय ती वाट काड रे म्हाराजा."

"होय म्हाराजा," मागून कुणीतरी म्हणालं.

मी डोळे उघडले. कोपऱ्यातल्या टेबलाशी चहा पिणारा एक सावळा खलाशी कप ठेवून, हात जोडून उभा होता. नाव दत्ताराम, गाव आमच्या राजापूर तालुक्यातलंच, नाटे. त्याच्या बोटीवरचा करार संपला होता आणि दुसऱ्या दिवशी तो विमानाने मुंबईला निघणार होता. त्याने माझं नाव विचारलं नाही, जात-धर्म तर नाहीच. आईचा पत्ता विचारला, पिशवी मागून घेतली आणि एवढंच म्हणाला की तिच्या हातातच देईन. मला धड आभारही मानता आले नाहीत. त्यानंतर पाचव्या दिवशी भावाची तार आली, गोळ्या पोचल्या. मी सभागृहाच्या पायऱ्यांवर बसून मोठ्याने रडले.

आई त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली. दोन वर्षांनी रजेवर आले तेव्हा भाऊ म्हणाला, तो माणूस आला त्या सकाळी मी आईला दवाखान्यात नेलं होतं. शेजारणीने पिशवी ठेवून जा म्हटलं तरी तो हलला नाही, संध्याकाळपर्यंत आमच्या पायरीवर बसून राहिला. मी दुसऱ्याच दिवशी एस.टी.ने नाटे गाठलं. दत्ताराम ओटीवरच होता. त्याच्या बायकोने पाणी दिलं आणि ओटीवर खेळणाऱ्या पोरीकडे बघत बोलता बोलता म्हणाली, "तो बोटीवर असतानाच ही मुलगी झाली. चौदा महिन्यांनी बाप येणार म्हणून तिला नवं झबलं घालून मी दिवसभर वाटेकडे बघत होते, आणि हा दुसऱ्या दिवशी उगवला." ती हसत सांगत होती. मला मात्र मान वर करवेना. मी त्याला म्हटलं, तुम्ही आधी घरी यायला हवं होतं, माझ्यापायी तुमचा तो दिवस गेला.

त्याने माझ्याकडे जरा नवलाने पाहिलं. "बाय, गाऱ्हाण्याला होय मी म्हटलेलं ना? होय म्हटल्यावर मग पाय नको हलवायला?"

मी वाट मागितली, तर देवाने ती चालणारा माणूस माझ्या आधीच तिथे आणून बसवला होता, आणि मी तीन दिवस कपबशा आपटत होते. माझ्या हातून होत नाही असं म्हणायला मला एवढा उशीर लागला. त्याबद्दल मी देवाची क्षमा मागितली आहे, आणि आईच्या प्रत्येक वर्षासाठी उपकार मानले आहेत. पण नाट्याच्या त्या ओटीवर मला आणखी एक कळलं. जन्मल्यापासून मी हजारो वेळा दुसऱ्यांच्या प्रार्थनेला आमेन म्हटलं होतं, आणि एकदाही जागची उठले नव्हते. आता आमेन म्हणून झालं की मी आधी चपला शोधते.