प्रेसवरचं कुंकू

आठवीत शाळा सोडली आणि वाशीमकडून सातपूरला आलो. कंपनीने काम दिलं, बूट दिले, उपकार आहेत. पण मी कंत्राटी माणूस, साहेबांनी नुसतं वळून पाहिलं तरी मी आधी माफी मागून टाकतो. पत्रा दाबायच्या प्रेसखाली हात घालावा लागतो, म्हणून कामाची पाळी सुरू होताना मी मशिनीला कुंकू लावून हात जोडतो. बोटं अजून शाबूत आहेत.

आमचा माल युरोपात जातो. तिकडे बऱ्याच देशांनी मिळून कायदा केलाय म्हणे, माल बनवणाऱ्या कामगाराला आपला धर्म पाळता आला पाहिजे, कुणावर सक्ती नको. ते तपासायला माल घेणाऱ्या तिकडच्या कंपनीच्या एक मॅडम येणार होत्या. साहेबांनी कायद्याचा आपल्या परीने अर्थ लावला, धर्म कुठे दिसायलाच नको, आणि सगळ्या मशिनींवरचं कुंकू थिनरने पुसून घेतलं. वर बजावलं, "विचारलं तर म्हणायचं, पूर्ण स्वातंत्र्य आहे. वेगळं बोलेल त्याने उद्या गेटवर यायचं नाही."

मॅडम नेमक्या माझ्यापुढे थांबल्या. दुभाष्याने विचारलं, "धर्माचं स्वातंत्र्य आहे?"

"पूर्ण आहे."

"कशावरून?"

"साहेबांनी सांगितलंय."

मागून आमचे चांदवडचे फोरमन पुटपुटले, "लय बोलू नको रे, प्रेस चालव."

चालवायला गेलो तर आधी हात जोडले गेले, कोऱ्या लोखंडाला. मॅडम दचकल्या. "हे कंपनी करायला लावते?"

"नाही नाही! कंपनीने तर बंदी केलीय."

झालं. साहेबांचा चेहरा बघून मी मनातल्या मनात बॅग भरली.

मॅडम जाताना सांगून गेल्या, बंदी उठली नाही तर माल घेणार नाही, उद्या परत बघते.

सकाळी साहेब स्वतः कुंकवाची डबी घेऊन उभे. मला काढलं नव्हतं. बंदी उठल्याचं मॅडमना दाखवायला मीच तर लागणार होतो.

"सगळ्यांनी मोकळ्या मनाने नमस्कार करायचा," साहेब म्हणाले. "एकही सुटता कामा नये."

शेजारच्या प्रेसवर मालेगावचा भाईजान. तो मनात बिस्मिल्ला म्हणून हात घालतो, त्यामुळे त्याचं पुसायला कुणाला काही सापडलंच नव्हतं.

"तुझं काय?" साहेबांनी विचारलं.

"माझं झालं साहेब. मनात."

"मग दिसेल असं कर ना!"

भाईजानने दोन्ही तळहात वर धरले. "किती वेळ धरू, साहेब?"

"मॅडम जाईपर्यंत."

तेवढ्यात मॅडम आत आल्या. मी कुंकू लावलं, हात जोडले आणि प्रेसला म्हटलं, बाई, बोटं सांभाळतेसच, आज नोकरीपण सांभाळ.