पंपावरची टोपी

झोंब्वे गावाच्या बाजारात सायकल दुरुस्तीच्या जागेवर एक जुनी निलगिरी आहे. मान वर करून पाहिलं, तर तिच्या खोडातून एक लोखंडी कडं बाहेर आलेलं दिसतं. बुडाकडचा भाग झाडाने केव्हाच गिळला आहे. आता तिथे बसणारा नवा पोरगा काठीने त्यावर ट्यूब वाळत घालतो. त्याला वाटतं, कडं त्यासाठीच लावलंय. मी शेजारीच शिलाई मशीन घेऊन बसतो, पण त्याला काही सांगत नाही. सांगायला लागलो, तर गिऱ्हाइकांच्या विजारी अर्ध्याच राहतील.

ती जागा जायरस हरावाची. जायरसला गप्प बसणं जमत नसे. गिऱ्हाईक नसलं, की तो सायकलींशी बोलायचा. पंक्चर काढताना ट्यूबला विचारायचा, "बाई, सगळा रस्ता मोकळा असताना तुला खिळाच कसा गं सापडतो?" तरुणपणी तो आमच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर होता. चेंडूला त्याची कधी भीती वाटली नाही. तरी बोलायला बसला, की त्याने अडवलेले दोन-चार गोल अख्ख्या दुपारला पुरायचे.

अशा माणसाच्या घरात त्याची मुलगी वेझी एकाएकी बोलायची थांबली. तिला पंधरावं लागलं होतं. उंची आईवर गेली होती आणि अबोला कोणावर गेला होता ते कळत नव्हतं. बापाने काही विचारलं तर "हं", आणखी विचारलं तर "हं हं". जायरसची बायको न्याकुम्वेंडा म्हणायची, की या वयात मुली अशाच असतात, येईल परत. पण हा पाना हातात घेऊन मला रोज विचारायचा, की आपलं काय चुकलं. मी म्हणायचो, की तू श्वास घ्यायला थांबत नाहीस, पोरीने मध्ये बोलायचं कधी?

मग शाळेने तिला उंचीमुळे नेटबॉलच्या संघात घेतलं, कड्यात बॉल टाकायच्या जागी. बॉल काही कड्यात जाईना. बाईंनी तिला बदलायचं ठरवलं आहे, ही बातमी जायरसला बाजारात कळली. घरी त्याने एक अक्षर काढलं नाही. त्याच्या आयुष्यातली ती पहिलीच वेळ असावी. दुसऱ्या दिवशी मोडक्या बादलीच्या बुडाचं कडं काढून त्याने निलगिरीला ठोकलं आणि शाळेतून येणाऱ्या वेझीच्या हातात एक जुना बॉल दिला.

तिने टाकायच्या आधीच हा ओरडला, "अगं, पळ की बॉल घेऊन!"

"दादा, पळायचं नसतं."

"मग ढकल समोरचीला."

"ढकलायचंही नसतं."

"मग करायचं तरी काय?"

"उभं राहायचं आणि टाकायचं. तीन सेकंदांत."

उभं राहायचा खेळ असतो हे वेळेवर कळलं असतं, तर जायरसने गोलकीपर होऊन अब्रू घालवली नसती.

तिचा बॉल सरळ रेषेत जाऊन कड्याच्या कडेवर आपटायचा. हे त्याच्या लक्षात आलं. त्याला आयुष्यभर फसवलं होतं ते डोक्यावरून कमान घेऊन जाणाऱ्या बॉलनी. तो खोक्यावर चढला, आपली गवती टोपी हवा भरायच्या पंपावर अडकवली आणि पंप कड्यासमोर उंच धरला. म्हणाला, "टोपीच्या वरून टाक. कड्याकडे बघूच नकोस." पहिले कित्येक बॉल टोपीवर बसले, काही जायरसच्या नाकावर. मग एक बॉल टोपीवरून कमान घेऊन वर गेला आणि कड्यातून अलगद खाली उतरला. आम्ही दोघं बघतच राहिलो. कोणाची तरी विजार माझ्या सुईखाली तशीच राहिली.

त्यानंतर रोज ऊन उतरलं, की तेच. मला मशीनवरून सगळं ऐकू यायचं. बॉल टाकता टाकता वेझी बोलायची. वर्गात कोण कोणाशी भांडलं, विज्ञानाचे सर कसे शिंकतात, शिक्षण पुढे झालं तर मझुझू शहरात जायचं आहे. बापाकडे न बघता, टोपीकडे बघत. आणि जायरस हात वर करून उभा असायचा, त्याच्या तोंडून शब्द नाही. खांदा भरून यायचा, पण पंप खाली आला की पोरगी पुन्हा गप्प होईल, ही धास्ती. मी त्याला चिडवायचो, की तुला बोलायचं बंद करायला इतकंच लागत होतं, तर गावाने वर्गणी काढून तुला पंप आधीच दिला असता.

सामन्यांत टोपी ही ठरलेली खूण झाली. वेझी ज्या खांबावरच्या कड्यात टाकायची, त्याच्या मागे रेषेबाहेर जायरस पंप उंचावून उभा. एका गावाने तक्रारही केली. पंचबाईंनी डोकं खाजवलं आणि टोपीविरुद्ध नियम नाही असं सांगितलं. झोंब्वे जिंकत गेलं. मका घरात आल्यावरच्या थंडीत, धुळीच्या दिवसांत, अंतिम सामना ठरला. बक्षीस एक बकरी. जागा कासिटू नदीपलीकडचं कामुवा.

कामुवा ऐकून जायरसच्या हातातला पाना पडला. ती त्याची सासुरवाडी.

आमच्याकडे जावई सासूसमोर जात नाही, तिचं नाव घेत नाही, वाटेत ती दिसली तर गवतात उतरतो. सगळेच पाळतात, पण जायरसचं सोवळं फार कडक. एकदा लांबून सासूसारखं चितेंजे, आमच्या बायकांचं ते छापील कापड, नेसलेली बाई दिसली, म्हणून तो सायकलसकट चरात गेला होता. बाई होती मिशनच्या दवाखान्यातली दाई. तिनेच त्याच्या गुडघ्याला पट्टी बांधली. त्याची सासू न्याम्सोवोया मिशनच्या शाळेत असताना स्वतः नेटबॉल खेळलेली. आपल्या गावातला एकही सामना ती चुकवत नसे, आणि बसायची ती कायम आंब्याखाली, खांबाच्या थेट मागे, चटई टाकून.

आम्ही पोचलो तेव्हा ती बसलीच होती. शेजारी बक्षिसाची बकरी बांधलेली. आमच्याकडे आजी नातीला थट्टेने सवत म्हणते, तशी ती वेझीला बघून म्हणाली, "काय गं सवती, माझ्या नवऱ्याच्या गावात येऊन माझीच बकरी न्यायला आलीस?"

"बकरी नेणार आणि नवराही नेणार," वेझी म्हणाली.

"नवरा ने. बकरी ठेव."

पहिल्या अर्ध्या वेळात वेझीचा खांब दुसऱ्या टोकाला होता. जायरस तिथे पंप धरून उभा, सासू मैदानाच्या पार पलीकडे. वेझीने बॉलमागून बॉल उतरवला. मग बाजू बदलल्या आणि तिचा खांब आंब्याकडे आला. जायरस निघाला, अर्ध्यात थबकला आणि वारुळाच्या मागे जाऊन बसला. तिथून त्याने टोपी वर केली, पण ती तिला दिसत नव्हती. दिसत होती आम्हाला, आणि एका कावळ्याला, जो तिच्यावर बसायचा विचार करत होता.

वेझीचा पहिला बॉल कडेवर आपटला. दुसराही. तिसऱ्या वेळी तिने टाकायच्या आधी मागे पाहिलं, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि तीन सेकंद संपले. कामुवाच्या बायका गाऊ लागल्या. मी वारुळाकडे गेलो. जायरस गुडघ्यात डोकं घालून बसला होता. मी म्हणालो, की पोरगी शोधतेय तुला.

"तिकडे त्या बसल्यात."

"मग?"

"मग काय मग? मी गेलो तर लोक म्हणतील, हरावांच्या पोराला लाज नाही. नाही गेलो, तर ती घरी येऊन पुन्हा हं हं करेल."

शिंप्याने अशा वेळी फक्त माप घ्यावं. जायरस उठला. तोंड झाकायला पंपावरची टोपी डोळ्यांवर ओढली आणि मग त्याच्या लक्षात आलं, की टोपी पंपावर लागते. एक टोपी आणि कामं दोन. त्याने टोपी काढून पंपावर घातली आणि उघड्या तोंडाने आंब्याकडे चालू लागला, खेकड्यासारखा आडवा, सासूकडे पाठ राहील असा. गाणं मध्येच तुटलं. म्हातारे खाकरले. सासूपासून चटईभर अंतरावर, तिला पाठ करून, जायरस उभा राहिला.

न्याम्सोवोयाने खांद्यावरचं चितेंजे उचललं आणि डोक्यावरून पार हनुवटीपर्यंत ओढून घेतलं. आता तिला कोणी दिसत नव्हतं, म्हणजे समोर कोणी नव्हतंच. मग आतून आवाज आला. ती बकरीशी बोलत होती.

"बकरीबाई, उगाच आलेल्या माणसाने निदान हात तरी नीट वर धरावा."

जायरसने पंप वर केला, अगदी जाईल तितका. बरोबरी झाली होती. पंचबाई घड्याळ बघत होत्या. बॉल वेझीकडे आला. तिने वर पाहिलं, टोपी पाहिली, आणि टाकला. तो टोपीहून कितीतरी उंच गेला, थांबल्यासारखा वाटला, आणि कडेला न शिवता उतरला.

आमच्या लोकांनी जो गोंधळ केला, त्यात शिट्टी कोणाला ऐकू आली नाही. चितेंजेतून मात्र प्रश्न आला, "बकरीबाई, गेला का बॉल?"

जायरसने घसा साफ केला. लग्न झाल्यापासून त्या बाईशी तो एक शब्द बोलला नव्हता. तोंड मैदानाकडेच ठेवून तो म्हणाला, "बकरीबाई, त्यांना सांगा, गेला."

परतताना गाडीत बकरी वेझीच्या मांडीवर होती आणि ती अखंड बोलत होती. कुठला बॉल कसा सुटला, कोणी काय म्हटलं, सगळं. जायरस ऐकत होता, पंप दोन्ही हातांनी धरून.

सोवळं मोडल्याबद्दल त्याने दंडाची कोंबडी वेझीच्या हाती कामुवाला पाठवली. संध्याकाळी वेझी ती घेऊन परत आली, शिजवलेली. सोबत आजीचा निरोप होता, आणि तो सांगताना तिला हसू आवरत नव्हतं.

"आजी म्हणाली, हात वर केल्यावर तुमचा शर्ट काखेत उसवला. शेजारी शिंपी बसतो ना, तो काय करतो?"

जायरसने हात उचलून काख पाहिली. उसवली होती खरी. आमच्यापैकी कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं, आम्ही सगळे बॉल बघत होतो. त्याने शर्ट काढून माझ्या मशीनवर टाकला आणि कोंबडीचा पाय माझ्यापुढे केला.

"तोंड गुंडाळून बसल्या होत्या ना रे त्या?" त्याने हळूच विचारलं.

"अगदी हनुवटीपर्यंत," मी म्हणालो, आणि सुईत दोरा ओवला.