करमतंय म्हणायला इतकी वर्षं

भोकरदनच्या स्टँडवर औरंगाबादची एसटी लागली तेव्हा माय पदर डोळ्याला लावून उभी होती. मीही रडत होते, आणि ते रडणं खरं होतं. पण ड्रायव्हरचा चहा संपत नव्हता, त्याचा मला राग येत होता, हेही खरं. गाडी जल्दी सुटावी असं वाटत होतं. हे कित्येक वर्षं कुणाला बोलले नाही.

मी चालले होते दगडांसाठी. लाव्हा थंड होताना त्यातले लोहकण त्या काळच्या चुंबकीय उत्तरेला धरून बसतात आणि खडकात तसेच राहतात. ती दिशा मोजून जुन्या पृथ्वीचा माग काढायचा. यावर पीएचडी करायला परदेशातल्या विद्यापीठानं शिष्यवृत्ती दिली होती. मायनं एवढंच विचारलं, "आपल्याकडं दगडं कमी हायेत व्हय?"

तिथं पहिल्याच आठवड्यात सकाळपासून माझे आकडे चुकत होते. यंत्र तपासलं, दगड बदलला. शेवटी माझ्या गाईडबाईंना माझ्या बांगडीत अडकवलेली सेफ्टी पिन दिसली. पोलादाची पिन मी दर वेळी यंत्राजवळ नेत होते! सगळी लॅब हसली, मीही पोट धरून हसले. त्याच दिवशी घरी फोन लावला. मायनं विचारलं, "करमतं का गं?"

मी म्हणाले, "न्हाई."

हो म्हटलं तर तिला वाटेल, पोरगी आपल्याला इसरली. मग दर फोनला तेच, पीएचडी होऊन तिथंच नोकरी लागली तरी. खरं तर मला लॅब आवडली होती, बर्फ आवडला होता, आणि "कुठं चालली?" असं कुणी न विचारणारा रस्ता तर फारच. माय गेली ती मी दुःखात आहे असं समजूनच. ते ओझं अजून उतरलेलं नाही.

गेल्या वर्षी दादाच्या पोरीला, ऋतुजाला, अशीच परदेशी जायची संधी आली. झाडांच्या पानांवर बसलेल्या धुळीतले चुंबकीय कण मोजून हवा किती बिघडली ते ओळखायचं, यावर पीएचडी. जालन्यात एमएस्सी करताना तिनं पिशव्या भरभरून कडुलिंबाची पानं गोळा केलेली. पण दादा अडला. "तुलाच इतक्या वर्षांत करमलं न्हाई, मंग पोरीला कशाला धाडू? न्हाई म्हणून कळवून राह्यलो."

मग मी फोनवरच सगळं सांगून टाकलं, पहिल्या आठवड्यापासून मला तिथं करमत होतं म्हणून. दादा पलीकडून ओरडलाच.

"मंग माय तुझ्यासाठी गुरुवार धरायची, ते? आम्हाला बी भगर खाऊ घातली की तिनं!"

मला हसू येत होतं आणि रडूही.

"आता तरी खरं बोलून राह्यली ना?"

"बिलकुल खरं, दादा."

"जाऊ दे मंग तिला."

ऋतुजा गेली. आता दादाची तक्रार असते, "दोन मिन्टं बोलत न्हाई कारटी, सदा कामात." तक्रार करताना आवाज मात्र खुशीत असतो.

पूर्वी भोकरदनला फोन लावण्याआधी मी आवाज जरा पाडून घ्यायचे. आता खिडकीत ऊन आलं, वांग्याची भाजी जमली, जसं असेल तसं बोलते. दादा म्हणतो, "एवढा खर्चा करून तिकडं जाऊन वांगेच खाऊन राह्यली!" आम्ही हसतो. स्वतःच्याच घरी पाहुण्यासारखं बोलणं त्या दिवसापासून सुटलं.