कमलाबाईच्या गाडीतलं खट्ट

आमच्या धानोऱ्यात एक गोष्ट पक्की ठरलेली होती. कमलाबाईच्या पांढऱ्या अँबेसिडरमध्ये तिच्या मेलेल्या नवऱ्याचं भूत बसतं. मागच्या सीटखाली. गाडी निघाली की ते आतून गुद्दा मारतं, खट्ट! बाजारात वांगी निवडता निवडता बाया हे एकमेकींना सांगत, आणि सांगताना आवाज असा खाली आणत की दोन दुकानं पलीकडे नीट ऐकू जावं.

यात दुरुस्ती एवढीच, की कमलाबाईचा नवरा मेलेला नाही. गुणवंतराव रोज सकाळी ओट्यावर बसून चहात टोस्ट बुडवतात. एका साली ते मिरची तोडायला तेलंगणात गेले, त्यांचा फोन बरेच दिवस लागला नाही, तेवढ्यात लोकांनी त्यांना उरकून टाकलं. अफवा त्यांच्या कानावर गेली तेव्हा म्हणाले, "मेलो असतो तं बरं झालं असतं. निदान सकाळी सकाळी गाडी धुवाले कोनी उठवलं नसतं."

खट्ट मात्र खरं होतं.

कमलाबाई आमची शेजारीण. पन्नाशीची, काटकुळी, आणि एका जागी टिकणार नाही अशी. जेवते उभ्यानं. बोलते चालत चालत, म्हणजे वाक्य आपल्या दारात सुरू झालं तर ते संपेपर्यंत ती तिच्या दारात पोचलेली असते आणि शेवटचे शब्द आपण अंदाजानं भरायचे. विहारात वंदना चालू असतानाही तिचा डावा पाय क्लच दाबत असतो, हे मी स्वतः पाहिलंय. कुठल्याशा ऑफिसातून निवृत्त झालेली ही गाडी लिलावात घेतली ती गुणवंतरावांनी चालवायची म्हणून. त्यांनी पहिल्याच आठवड्यात ती धानाच्या बांधीत उतरवली. चिखलातून गाडी बाहेर निघाली तेव्हा स्टेअरिंगवर कमलाबाई होती, आणि ती तिथून पुन्हा उठली नाही.

भाऊबीजेला आमच्याकडे मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरायला लागते आणि गावोगाव नाटकं सुरू होतात. तेव्हापासून होळीपर्यंत कमलाबाई वडशाच्या एका नाटक कंपनीच्या कलाकारांना गावोगाव पोचवते. बाकी वर्षभर ती या चार महिन्यांची वाट पाहते. नाटक सुरू असताना ती विंगेत उभी राहते, सगळ्यांचे संवाद तिला पाठ. घरी भाकर करपली तरी ती खलनायकासारखी हसते.

तर यंदा दिवाळीच्या तोंडावर कंपनीचे मॅनेजर भैयाजी आले. भैयाजी साधं पाणी मागतात तेही शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं.

"कमलाबाई! तालमीच्या येळी आमच्या उर्वशीबाई तुमच्या गाडीत बसल्या. अन् मांगून काय आवाज आला? खट्ट! आता त्या म्हनतात, मी भुताच्या गाडीत बसनार नाई. हिरोईन रुसली तं नाटक रुसलं, बाई!"

"भूत नाई भैयाजी, लोखंड आहे. लोखंड बोलून राह्यलं."

"तं त्याले गप करा. भाऊबीजेपर्यंत. नाई तं मी यंदा दुसरी गाडी सांगतो."

ते गेले आणि कमलाबाईनं अंगणात येरझाऱ्या सुरू केल्या. विहिरीपर्यंत, परत, पुन्हा विहिरीपर्यंत. गुणवंतराव म्हणाले, "अवो, बस जराशी." ती म्हणाली, "बसलेच तं होळीपर्यंत बसा लागन न!"

दुसऱ्या दिवशी ती गाडी घेऊन गडचिरोलीला मिथुनच्या गॅरेजवर. दिवाळीच्या सुट्ट्या होत्या, म्हणून मीही मागे बसले. मिथुन आमच्याच गावचा पोरगा. बोलताना तोंडात सुपारी-तंबाखूचा खर्रा असतो, त्यामुळे त्याची सगळी वाक्यं ओठ न उघडता येतात. तो म्हणाला, "म्मावशी, क्रॉस गेला." अँबेसिडरला ढकलतात मागची चाकं आणि इंजिन असतं समोर, म्हणून इंजिनाची ताकद मागे नेणारा एक लांब दांडा गाडीच्या पोटाखालून जातो. त्याच्या टोकांच्या सांध्यांना क्रॉस म्हणतात. ते झिजले की गियर टाकल्यावर आधी ढिलाई भरून निघते, मग चाकं हलतात, आणि ती ढिलाई भरताना खट्ट. मिथुननं क्रॉस बदलले. एकटाच बसून गॅरेजभोवती चक्कर मारली. आवाज गायब. कमलाबाई गाणं म्हणत परत निघाली. धानोऱ्याच्या नाक्यावर तिच्या ओळखीच्या बाया दिसल्या, त्यांना कोंबून घेतलं, क्लच सोडला.

खट्ट!

एक बाई तर दार उघडून खालीच उतरली.

पुन्हा गडचिरोली. या वेळी मिथुन म्हणाला, "म्मावशी, डिफरन्शल उघडाव लागन." डिफरन्शल म्हणजे मागच्या दोन चाकांच्या मधला तो भोपळ्याएवढा डबा, आत दातेरी चाकं. उघडायला हरकत नाही, पण सामान नागपूरहून येणार, आणि यायला भाऊबीज उलटणार.

"तो बिघडला असता तं चालत्या गाडीत गुरगुरला असता," कमलाबाई म्हणाली. "हे गुरगुरत नाई. निघतानी एकदा, रिव्हर्स टाकला की एकदा. बाकी चूप. माह्या नवऱ्यासारखं."

घरी आल्यावर तिनं जेवायला नकार दिला. गाडी अंगणात पुढे घ्यायची, मागे घ्यायची, पुढे, मागे. कोंबड्यांनी घर सोडलं. आणि आवाज? काहीच नाही. गुणवंतराव ओट्यावरून म्हणाले, "तुही गाडी तुह्यासारखीच आहे. लोकं जमा झाल्याशिवाय तमाशा करत नाई."

कमलाबाईनं इंजिन बंद केलं. खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "काय म्हनले?"

"काई नाई, काई नाई."

"नाई नाई, पुन्हा म्हना!"

ते पुन्हा म्हणाले, जरा घाबरत. आणि कमलाबाई ओरडली, "गॅरेजात गाडी रिकामी असते न वो! मिथुन एकटा बसते! भूत ओझ्याखाली बोलते!"

मी म्हटलं, "बोलू दे, पण बोलते समोरून. गियर बॉक्सखालचं रबर फाटलं असन." मी तीनदा आवाज काढूनही दाखवला: आधी पत्र्यात टण्ण, मग खट्ट. गावभरच्या नकला करते मी, त्यामुळे माझ्या कानांवर माझा फार विश्वास.

"मांगून," कमलाबाई म्हणाली.

"समोरून."

"लागली पैज? हरली तं भाऊबीजेच्या दिवशी इथून वडशापर्यंत कंपनीसोबत बसाचं अन् तोंड शिवाचं. एक नक्कल नाई. भैयाजीची नाई, कोनाचीच नाई."

"अन् तू हरली तं उर्वशीबाईच्या जागेवर मी. समोरच्या सीटवर."

लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या मैदानावर कमलाबाईनं गाडी उभी केली, चाकांना दगड लावले, चटई टाकून खाली शिरली. हातात गुणवंतरावांची चुन्याची डबी. जिथं दोन लोखंडं घट्ट बसलेली असायला हवीत तिथं तिथं तिनं बोटानं चुन्याची आडवी रेघ ओढली: गियर बॉक्सच्या रबराशी, डिफरन्शलच्या तोंडाशी, आणि मागच्या दोन्ही पाट्यांवर, म्हणजे गाडीचं ओझं झेलणाऱ्या स्प्रिंगांवर, जिथं ते चाकांच्या आसाला यू-बोल्टनं आवळलेले असतात. रेघ तुटेल तिथं भूत.

मग बाया भरल्या. शकुबाई, रुखमा, रुखमाची सासू, आणि मी धरून आणखी चौघी. भुताच्या गाडीत बसायला या बाया आल्याच कशा? शकुबाई म्हणाली, "दिवसाउजेडी आहे न. अन् पाहू तं द्या, गुणवंतराव आतून कसे दिसतात." गुणवंतराव बाजूलाच उभे होते.

पहिला गियर. खट्ट! रिव्हर्स. खट्ट! पहिला, रिव्हर्स, पहिला, रिव्हर्स. रुखमाची सासू म्हणाली, "अवो कमले, मह्या पोटातला चहा दही होऊन राह्यला." शकुबाई दर खट्टला "आले, आले" म्हणे. कमलाबाईचा डावा पाय आयुष्यात पहिल्यांदा पोटभर क्लच दाबत होता.

इंजिन बंद. दगड. चटई. मीही शेजारी आडवी झाले. गियर बॉक्सची रेघ अखंड, पांढरीशुभ्र. डिफरन्शलची अखंड. उजव्या पाट्याची अखंड. डाव्या पाट्याची रेघ मधून तुटलेली, अर्धी इकडे, अर्धी बोटभर सरकून तिकडे. अख्खा आसच पाट्याखाली सरकत होता! आवाज मागून निघून पत्र्यापत्र्यानं धावत समोर येत होता, आणि माझे कान तो समोर पकडत होते.

कमलाबाई आधी हसली. मग हसणं थांबलं. पाना लावून पाहिला तर यू-बोल्टची नटं हातानं फिरावी इतकी ढिली.

"हे कोनी आवळले होते?" गुणवंतरावांनी वाकून विचारलं. त्यांना उत्तर माहीत होतं.

पावसाळा संपताना तिनंच लोहाराकडून मागच्या दोन्ही पाट्यांत एकेक पट्टी वाढवून घेतली होती, नाटकाच्या पेट्या, पडदे आणि माणसं मावावीत म्हणून. बोल्ट स्वतःच्या हातानं आवळले, गाडी जॅकवर टांगलेली, रिकामी. आणि गाडी भरली की पाटे दबतात, नटं सैल पडतात. ओझं घालून पुन्हा आवळायचे असतात, हे ती विसरली, कारण त्या दिवशी कंपनीच्या तालमीला जायची घाई होती. तिला सगळ्याचीच घाई असते.

"मीच आवळले," ती चटईवरून म्हणाली. "अन् माही चूक मीच शोधली. मिथुनले सापडली असती का? त्यानं नागपूर गाठलं असतं!" आणि लगेच ओरडली, "उतराचं नाई कोनी! बसून राहा! तुमच्याच वजनावर आवळते!"

पान्याला लांब पाइप लावून तिनं नटं आवळली. वरून बायांनी गाणं सुरू केलं. मैदानाला चार फेऱ्या मारून पुन्हा आवळली. मग पहिला गियर. काही नाही. रिव्हर्स. काही नाही. शकुबाई जराशी नाराज झाली. म्हणाली, "गेले बापा गुणवंतराव."

भाऊबीजेला भैयाजी कलाकारांना घेऊन कमलाबाईच्या अंगणात हजर. उर्वशीबाईंनी आधी सीटखाली वाकून पाहिलं, मग पदर सावरून समोर बसल्या. मागे पेट्या, पडदे, एक राजा, एक हवालदार, आणि पेट्यांच्या मध्ये चेपलेली मी, तोंड शिवलेलं. कमलाबाईनं क्लच सोडला. गाडी लोण्यासारखी निघाली. भैयाजींनी श्वास रोखला होता, तो सोडला आणि शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं गर्जले, "होळीपर्यंत हीच गाडी!"

पुढचा सगळा रस्ता भैयाजी बोलले. उर्वशीबाईंनी त्यांना नाकातून उत्तरं दिली. हवालदार प्रत्येक वळणाला "आई गं" म्हणत होता, दर वेळी वेगळ्या सुरात. आणि माझ्या गालात सगळं साठून, साठून, साठून राहिलं होतं.

कमलाबाईनं आरशातून माझ्याकडे पाहिलं.

"काऊन वं खुशबू," ती म्हणाली, "आज मांगून काईच आवाज येऊन नाई राह्यला?"