सुपारी फोडून ठरवलेलं ऑपरेशन

बाळाला वजनकाट्याच्या झोळीत ठेवलं की ताई लगेच आकडा वाचायच्या नाहीत. हलणाऱ्या झोळीला तळहात लावून थांबवायच्या आणि घाई करणाऱ्या आयांना म्हणायच्या, "काटा थांबू द्या की जरा. मग बोलू." तुम्ही कधी गावाकडच्या अंगणवाडीत डोकावला असाल, तर अशी एखादी बाई तुम्हीही पाहिली असेल. आमचं गाव मुरुमपासून जवळच. अंगणवाडी शाळेच्या भिंतीला लागून. मी शाळेत शिकवते आणि मधल्या सुट्टीत माझा डबा ताईंच्या खोलीतच उघडायचा.

ताई अंगानं भरलेल्या. फार नाही, पण गावाला तेवढं पुरतं. "ताई, पोरांचा खाऊ कोण खातंय?" हा विनोद मी वर्षानुवर्षं ऐकला. करणारा दर वेळी असा हसायचा, जसं काही त्यालाच पहिल्यांदा सुचलंय. ताईही हसायच्या. "व्हय, म्याच खाते. तुमच्या पोराला ठिवत न्हाय." तिडीक माझ्या डोक्यात जायची.

मग त्यांना साखर निघाली. गोळ्या झाल्या, पथ्य झालं, शिवारातल्या रस्त्यानं चालणं झालं, साखर काही हटेना. शेवटी सोलापूरच्या डॉक्टरांनी वजनाच्या ऑपरेशनचं नाव काढलं. वजन मध्यम असलं तरी साखर आटोक्यात येत नसेल तर विचार करता येतो, म्हणाले. ताईंनी मला ते सगळं वहीच्या मागच्या पानावर पोटाचं चित्र काढून समजावलं. एकात जठराचा मोठा भाग कापून काढतात, नळीएवढं उरतं. त्याला स्लीव्ह म्हणतात. दुसरं बायपास. त्यात जठराची छोटी पिशवी करून ती खालच्या आतड्याला जोडतात, आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्मभर.

ताईंना आधीपासून जळजळीचा त्रास. आंबट पाणी घशाशी यायचं. "डॉक्टर म्हणले, स्लीव्हनं जळजळ वाढायची भीती हाय. तुमाला बायपास बरं. म्या बी तेच ठरिवलंय, बाई. गावच्या पोरांचे डोस माज्या ध्यानात ऱ्हात्यात, मग माज्या गोळ्या ऱ्हाणार न्हायत व्हय?" इतकं नीट समजून तर मीसुद्धा घेतलं नसतं.

ताईंच्या घरी कळलं मात्र, सगळे जागे झाले. जे खाऊवरून दात काढायचे तेच आता म्हणू लागले, "एवढी काय जाड हाय ती? कशाला चिरफाड?" म्हणजे चिडवायला जाड आणि उपचाराला बारीक! काय म्हणावं या माणसांना!

थोरल्या दिरांनी बैठक बोलावली. लग्न जमवायला बसतात ना, तश्शी. सतरंजी, लोड, पानाचं तबक, मधोमध चुलतसासरे. "बाई शिकलेल्या हायती, त्यास्नी बी बोलवा," म्हणून मलाही निरोप आला. ज्यांच्या पोटाचं ठरायचं होतं, त्या आत चहा करत होत्या.

दिरांनी त्यांच्या ओळखीच्या एका दवाखान्याचं पत्रक फिरवलं. "स्लीव्ह करू. ह्यात आतड्याला हातच लावत न्हाईत. जन्मभराच्या गोळ्यांची कटकट न्हाय." एक पाहुणे म्हणाले, त्यांच्या मेव्हणीनं हेच केलं, आता चवळीची शेंग झालीय. ताईंचा नवरा सतरंजीचा दोरा उपसत बसला होता. "कुणाची हरकत?" चुलतसासऱ्यांनी विचारलं. ताई चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी कप उचलला.

"फोडा मग सुपारी," चुलतसासरे म्हणाले आणि अडकित्ता वाजला. अहो, माणसाचं जठर ते! बघायच्या कार्यक्रमातसुद्धा मुलीला नाव तरी विचारतात.

दुसऱ्या दिवशी मी ताईंना म्हटलं, "तुम्ही सही करू नका."

"सुपारी फुटली, बाई. आता मोडलं तर ह्यांची मान खाली जाती."

सही त्यांनीच केली. वजन उतरलं, साखरही उतरली. दिरांनी आधीचा आणि नंतरचा फोटो गावाच्या ग्रुपवर टाकला, खाली अभिनंदनाची रांग लागली. इकडं ताईंना आडवं होणं मुश्कील झालं. झोपल्या की घसा पेटायचा, म्हणून भिंतीला टेकून बसल्या बसल्याच डोळा लावायच्या. आवाज घोगरा झाला. डब्यातल्या भाकरीचे दोन घास घेऊन थांबायच्या. दिरांना सांगितलं तर म्हणाले, "मनाचं असतंय ते." उचलली जीभ, लावली टाळ्याला! त्या माणसाला भर चौकात उभं करून चार शब्द सुनवावेत असं मला शंभरदा वाटलं.

अखेर सोलापूरच्या त्याच डॉक्टरांनी दुर्बिणीनं तपासलं आणि सांगितलं, आता पुन्हा ऑपरेशन करून बायपासच करावं लागेल. ताईंनी राजीनामा दिला. लातूरला लेकीकडं राहून ते करायचं ठरलं. निघायच्या दिवशी मी भेटायला गेले आणि इतके दिवस साठलेलं सगळं ओकले. "हे त्या दिरांनी केलं. त्या म्हाताऱ्यानं केलं. बैठकीत बसलेल्या एकाला तरी काय कळत होतं हो?"

ताई बॅगेची चेन लावत होत्या. माझ्यावर रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"त्यास्नी कुठनं कळणार, बाई?" त्या म्हणाल्या. "त्यास्नी कुणी काय सांगितलंच न्हवतं. म्या तुमाला तेवढं सांगितलं हुतं."

अंगणवाडीत आता नवीन ताई आल्यात. स्वभावानं चांगल्या आहेत, डबा घेऊन या म्हणतात. मी अजून गेलेली नाही.