आईच्या खोलीतला नळ

इथं बरेच जण लिहितात — सावली दिसली, हाक ऐकू आली, पैंजण वाजले. मी ते वाचतो, हसतो आणि सोडून देतो. कोल्हापुरात उद्यमनगरला माझं पंप-मोटर दुरुस्तीचं दुकान आहे. मोटर आपोआप सुरू झाली असं एखादं गिऱ्हाईक म्हणालं, की मी त्याला सुनावतो, "पावणं, आपोआप काय बी होत न्हाय. वायरीत न्हायतर पाण्यात, कुठंतरी कारण हायच की!" आजही तेच म्हणतो... फक्त आवाज जरा खाली आलाय.

माझी धाकटी बहीण शोभा आणि दाजी राधानगरीच्या बाजूला, धरणाच्या बॅकवॉटरवर राहायची बोट चालवतात. गावाचं नाव देत नाही, त्यांचा धंदा आहे. काठाला दोरांनी बांधलेली बोट, पुढं पर्यटकांच्या खोल्या, मागं स्वयंपाकघर, यांची खोली आणि तिला लागून एक बारकी खोली. धरणाचं पाणी प्यायला चालत नाही, म्हणून काठावरच्या विहिरीतून पाइप टाकून बोटीतली टाकी भरायची. टाकीला बॅटरीवरचा छोटा पंप. नळ उघडला की पाइपातला दाब उतरतो आणि पंप घर्रर्र करून सुरू होतो. नळ बंद केला की थांबतो. संपलं. यात न समजण्यासारखं काही नाही.

आईचे शेवटचे महिने त्या बारक्या खोलीत गेले. किडन्या निकामी झालेल्या, डायलिसिस तिला सोसेना. डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलेलं. शोभा फुलपात्रानं द्यायची, तेही अर्धंच. खोलीत हात धुवायला बेसिन होतं. आई उठून पिईल म्हणून दाजींनी तिथल्या नळाची फिरवायची चावीच काढून फडताळात ठेवलेली. खिडकीबाहेर धरण तुडुंब भरलेलं आणि आई आपली म्हणायची, "शोभे, तांब्याभर दे की गं. एकदाच पोटभर पिऊ दे." शोभा नाही म्हणायची आणि स्वयंपाकघरात जाऊन रडायची. आई गेली तेव्हा ओठ कोरडेच होते. तोंडात पाणी घातलं, ते गेल्यावर.

दिवसकार्य उरकून मी दुकानाला लागलो. मग एक दिवस दाजींचा फोन.

"पावणं, ह्यो पंप येडा झालाय. नळ कोण उघडत न्हाय आन् ह्यो रोज दुपारी आपला सुरू हुतोय. शोभा त्या खोलीतनं हलंना झालीय. एकदा येऊन बघा, बाई खुळी हुईल माझी!"

पंपाचं सोडा, मला शोभाची काळजी लागली. घाबरून बसली असणार, असं मी धरून चाललो. हत्यारांची पिशवी घेतली आणि गेलो.

आधी पंपाच्या पुढचा कॉक बंद केला. दुपार गेली, पंप गप्प. म्हणजे पंप ठीक, गळती पुढं कुठंतरी. दुसऱ्या दिवशी तो कॉक उघडला, स्वयंपाकघर आणि बाथरूमच्या लाइनी बंद केल्या आणि फक्त आईच्या खोलीची चालू ठेवली. जोड पुसून कोरडे केले, खाली वर्तमानपत्रं अंथरली, टाकीवर पाण्याच्या पातळीला खडूची खूण केली. शोभा आईच्या कॉटवर बसून होती. मी विचारलं, "जेवलीस का?" तर नुसती मान हलवली.

दुपारी पंप सुरू झाला. घर्रर्र...

गळतीचा पंप कसा वाजतो ते मला पाठ आहे. जरा चालतो, थांबतो, परत चालतो. हा एका दमात चालला आणि टक्कन थांबला — कुणी नळ उघडून बंद करावा तसा. बेसिन कोरडं. पेपर कोरडे. फळी उचकटून बोटीच्या तळात टॉर्च मारला, तिथंही थेंब नाही. आणि टाकीतलं पाणी मात्र खडूच्या खाली गेलेलं!

मग काय सुचलं कुणास ठाऊक. फडताळातली चावी आणून नळाला बसवली आणि खाली तांब्या धरला. तांब्या काठोकाठ भरायला पंप मघाशी वाजला तेवढाच वेळ वाजला. बरोबर तेवढाच. शोभाला काही बोललो नाही.

राधानगरीच्या बाजारातून नवा नळ आणून बसवला. दुसऱ्या दुपारी परत तेच. मग माझं डोकं सटकलं. आयला, नळच नको! नळ काढला आणि पाइपाच्या तोंडाला प्लग ठोकून टाकला. त्या दुपारी पंप वाजला नाही. दाजींनी पाठीवर थाप मारली, "सुटलो बघा, पावणं!"

काम उरकेपर्यंत दाजींनी मुद्दाम काठावर धाडलेली शोभा धुण्याची बादली घेऊन आली. "पंप वाजला न्हाय आज?"

"आता वाजणारच न्हाय. त्या खोलीचा पाइपच बंद केला. भिऊ नगंस."

तिच्या हातातली बादली खाली आदळली.

"भीत कोण हुतं, दादा? ती पीत हुती रे... रोज तांब्याभर! जल्मभर मी कुणाला पाण्याला न्हाय म्हटलं न्हवतं, आन् आईला म्हटलं. आता ती पोटभर पीत हुती, मी बसून ऐकायची. आन् तू बंद केलंस?"

दाजी खाली बघायला लागले. आईच्या मातीला रडलो नव्हतो, तो त्या पाइपासमोर बसून रडलो. लगेच प्लग काढला. जुना नळ होता तसाच परत बसवला, त्याला चावीही लावून दिली.

दुसऱ्या दुपारी आम्ही तिघं त्या खोलीत बसलो. बोटीला पाणी थपाथपा लागत होतं, तेवढाच आवाज. पंप वाजला नाही. नंतरही कधी वाजला नाही. शोभा दुपारी त्या नळाखाली भरला तांब्या ठेवते आणि संध्याकाळी तसाच्या तसा तुळशीला ओतते.

पंप दुकानात आणून खोलला. दाबाचा स्विच, व्हॉल्व्ह, वॉशर, सगळं ठणठणीत. आमच्या लाइनीतल्या जाणत्या लोकांना विचारलं. कुणी हवा म्हणतं, कुणी गळती म्हणतं. मग पाणी गेलं कुठं, म्हटलं की विषय बदलतात.

तुमच्यात कुणी या कामातलं असेल तर खाली लिहा. वाटल्यास माझी अक्कल काढा, चालेल. ती गळतीच होती, एवढं कुणी खात्रीनं सांगितलंत तर लई उपकार होतील. कारण गळती नसेल, तर माझी आई आत्ता कुठं पोटभर पाणी प्यायला लागली होती, आणि मी तिचं पाणी तोडलं.