डुकराचे वाटे

माझा डावा पाय गुडघ्यात वाकत नाही. त्यामुळे पाटावर बसून जेवता येत नाही आणि आवणाला, म्हणजे भाताच्या लावणीला, चिखलात उतरता येत नाही. कोणी विचारलं तर डुकराने मारलं एवढंच सांगते. पुढचं ऐकायला फारसं कोणी थांबत नाही. गावातले तर मुळीच थांबत नाहीत, कारण पुढच्या गोष्टीत ते सगळे आहेत.

माझं माहेर पेणच्या खारपट्ट्यातलं. तिथे भीती असायची उधाणाची, बांध फुटण्याची. रानडुक्कर म्हणजे काय ते मला लग्न होऊन खांब गावाच्या आतल्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी आल्यावर कळलं. इकडे भाताला दाणा भरला की डुकरं उतरतात. खातात थोडं, लोळून आडवं करतात फार. भात झाल्यावर त्याच जमिनीत वाल पेरतो, तर वालालाही सुखाने राहू देत नाहीत. सासरे होते तोवर शेतात माळा बांधून राखण करायचे, डबा वाजवायचे, हाळ्या द्यायचे. ते गेले आणि राखणही गेली. नवरा धाटावला कंपनीत शिफ्टला, तो रात्रीचा डबा घेऊन जाणार, वाजवणार कधी? म्हणजे शेतही माझं आणि डुकरंही माझीच.

आमच्या बांधाला लागून जो माळ होता तो मुंबईच्या एका माणसाने घेतला. कुंपण घातलं, बंगला बांधला, दोन खोल्या वाढवल्या आणि शनिवार-रविवारी पाहुणे आणू लागला. त्याला गावात सगळे सायब म्हणत. माझा चुलत दीर त्याच्याकडे राखण्या म्हणून लागला. सायबाला शिकारीचा नाद होता. त्याच्याकडे बंदूक होती आणि अंधारात बघायची दुर्बीण होती. तो दिराला म्हणाला, तुमच्या गावाची डुकरं मी संपवतो, माझ्याकडे परवानगी आहे. परवानगीचा कागद कोणी बघितला नाही. कोणाला बघायचाही नव्हता. इतकी वर्षं डबे वाजवून थकलेल्या गावाला एक माणूस आपणहून बंदूक घेऊन आलेला दिसला, आणि गावाने मान हलवली. मीही हलवली.

पहिलं डुक्कर पडलं तेव्हा गावात सणासारखं झालं. सायबाचे पाहुणे फोटो काढून घेत आणि चारेक किलो मटण ठेवून बाकीचं गावाला देत. दीर ते कापायचा, पानांत वाटे घालायचा आणि घरोघर पोचवायचा. माळकऱ्यांच्या घरी वाटा जात नसे, पण त्यांची पोरं दुसऱ्याच्या चुलीवर जेवून येत. आमच्याही घरी शिजलं. मी मिरीचं वाटण घालून केलं होतं. चांगलं झालं होतं.

पण शेतात फरक पडेना. उलट डुकरं वाढल्यासारखी वाटायला लागली. आधी चार-पाचांचा कळप यायचा, आता उकरलेल्या जमिनीवरून कळायचं की बरीच असतील. मी दिराला तसं बोलले. तो हसला आणि म्हणाला, ये एकदा, सायबाची दुर्बीण बघ, म्हणजे तुला कळेल किती हायत.

एका शनिवारी दिवेलागण झाल्यावर मी गेले. चंद्र नव्हता. कुंपणाशी सायबाची गाडी दिवे बंद करून उभी होती, सायब आणि त्याचे दोन पाहुणे टपावर बसलेले. दिराने माझ्याबद्दल काही सांगितलं असावं, कारण वरून एक हात खाली आला आणि त्याने दुर्बीण माझ्या हातात दिली. त्या अंधारात मला त्याचं मनगट तेवढं दिसलं, त्याला तर माझं तेवढंही दिसलं नसेल. मी डोळ्याला लावली आणि दचकले. सगळं रान राखाडी झालेलं आणि त्यात डुकरं पांढरीशुभ्र, दिव्यासारखी. ती दुर्बीण अंगाची ऊब बघते, असं दीर कुजबुजला. पिल्लं सुद्धा वेगळी दिसत होती, आईच्या पायांत घोटाळणारी. इतकी वर्षं ज्यांना शिव्या घातल्या त्यांना मी पहिल्यांदाच नीट बघत होते.

मग दिसलं की ती सगळी एका जागी गोळा झाली आहेत. मधे एक ढीग होता आणि तोही पांढरा दिसत होता. म्हणजे गरम. मी दिराला हळूच विचारलं, तो ढीग कसला?

"भात हाय गो वैनी," तो म्हणाला. "बंगल्यावरचं उरलेलं, नि हाटेलातनं आणतो ते. रोज टाकतो, आजचं मघाशीच टाकलं. पावनं आलं नि डुक्कर दिसलं नाय, तर सायबाची काय शोभा?"

त्याने ते अगदी सहज सांगितलं. माझ्या वालापासून हाकेच्या अंतरावर रोज संध्याकाळी डुकरांना पंगत बसत होती. आठवड्याला एखादं मारायचं आणि बाकीची पोसायची. जेवण झालं की ती जाणार कुठे? बांध ओलांडून माझ्याकडे. मी दुर्बीण वर दिली आणि घरी आले. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, भावाची नोकरी हाय तिथं, तू गप बस. पोलीस पाटलांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, बघतो. त्यांच्याही घरी वाटा जात होता.

पुढे महिन्याभराने असेल, वालाला शेंगा भरल्या होत्या. आदल्या संध्याकाळी बंदुकीचे दोन बार ऐकू आले होते, पण वाटा आला नाही, तेव्हा नेम चुकला असेल असं मी समजले. सकाळी टोपली घेऊन शेंगा तोडायला गेले. ऊन वर आलं होतं. शेताच्या वरच्या कडेला करवंदीची जाळी आहे, तिच्यापर्यंत तोडत गेले आणि पानांवर रक्त दिसलं. सुकलेलं, काळपट. मला कळायला हवं होतं असं नंतर पुष्कळांनी मला शिकवलं. पण मी टोपली खाली ठेवते आहे तोच जाळी फुटली आणि डुक्कर माझ्यावर आलं.

ते तीन पायांवर आलं. मागचा एक पाय ओढत होतं. तरी त्याने मला उडवलं आणि मांडीपासून गुडघ्याच्या खालपर्यंत सुळा ओढला. दुखलं नाही. आधी गरम लागलं, मग पाय माझा नाही असं वाटलं. मी पदराचा पीळ करून मांडीला आवळला आणि ओरडायला लागले. डुक्कर दहा-बारा हातांवर जाऊन वालातच बसलं. परत आलं नाही. त्याच्या पोटाला गोळीचं भोक होतं आणि त्यावर माश्या होत्या. रात्रभर ते तसंच पडून असणार. ते माझ्याकडे बघत होतं आणि मी त्याच्याकडे. मला त्याचा राग आला नाही. राग यायला वेळ लागला, आणि आला तो त्याच्यावर नाही.

शेताच्या पलीकडे एका म्हाताऱ्या चाचांची आंब्याची वाडी आहे. आमच्या गावाला लागूनच मुसलमानांचा मोहल्ला, चाचा तिथले, त्यांचे दोन्ही मुलगे आखातात. माझी हाक त्यांनी ऐकली. वाडीवर आलेला टेम्पो त्यांनी वळवला, डोक्याचा रुमाल माझ्या पायाला बांधला आणि रोह्याला पोचेपर्यंत माझ्याशी बोलत राहिले, डोळे मिटू नकोस म्हणून. रोह्याहून मला पेणला हलवलं, तिथे पायाला टाके घातले, शिरा जोडल्या. माझा भाऊ डोलवीहून कामावरून तसाच आला, अंगावर कंपनीची धूळ.

दुसऱ्या दिवशी नवरा आला. त्याच्याबरोबर दीर होता आणि गावातले दोघे वडीलधारे. मला वाटलं बघायला आलेत. वडीलधाऱ्यांनी केळी आणली होती. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलून झालं, मग ते दोघे वडीलधारे बाहेर गेले आणि नवरा खाटेजवळ बसला.

"डाक्टरला सांग, कोयत्यावर पडलीस," तो म्हणाला. "बांधावरनं पाय घसरला म्हण."

तो खालच्या आवाजात समजावू लागला. डुकराने मारलं म्हटलं तर वनखात्याची माणसं येणार. ती डुक्कर बघणार, गोळी बघणार. मग सायब अडकणार, भाऊ अडकणार, आणि ज्यांनी खाल्लं तेही. आपण पण खाल्लंय, तो म्हणाला. डुक्कर रातोरात उचललंय, आता कोणाला काय दिसणार नाय.

"सायब कुठाय?" मी विचारलं.

मला लागलं त्या रात्रीच सायब मुंबईला गेला होता. डुक्कर जखमी होऊन जाळीत शिरलंय हे त्याला माहीत होतं, दिरालाही माहीत होतं. सायब म्हणाला होता, सकाळपर्यंत मरेल, उजाडल्यावर शोध. दीर सकाळी पाहुण्यांच्या नाश्त्याच्या गडबडीत होता. हे सगळं मला दिराने स्वतः सांगितलं, खाटेच्या पायथ्याशी उभं राहून, रडत. त्याच्या रडण्याचं मला काही वाटलं नाही. गावातल्या कोणाकडून तरी त्याला मला एक निरोप पाठवता आला असता, वैनी, आज वरच्या अंगाला जाऊ नको. तेवढं झालं असतं तर मी आज मांडी घालून जेवत असते.

डॉक्टरबाई आल्या तेव्हा मी खरं सांगितलं. त्यांनी मान हलवली. कोयत्याची जखम अशी नसते हे त्यांना दिसतच होतं.

वनखात्याची माणसं आली, पंचनामा झाला. डुक्कर नव्हतं. बार कोणी ऐकले नव्हते. त्या संध्याकाळी सगळ्या गावात टीव्ही मोठ्याने लागले होते म्हणे. बंगल्याच्या कुंपणाशी भात पडतो हे कोणाला माहीत नव्हतं. एकट्या चाचांनी सांगितलं की बार झाले, दोन झाले, आणि असे बार नेहमी होतात. त्यांच्या घरात वाटा कधी गेला नव्हता, जाणारही नव्हता, त्यामुळे त्यांचं तोंड मोकळं होतं. गावाने याचाही उलटा अर्थ काढला. त्यांच्या वाडीला सायबाची जमीन हवी आहे म्हणून बोलतात, असं कोणीतरी पसरवलं. त्याहून वाईटही बोललं गेलं, ते मी इथे लिहीत नाही. मुलांनी आखातातून फोन करून बापाला रागावलं, तुम्हाला कोणी सांगितलं होतं मध्ये पडायला. मी बरी होऊन गावी आले तेव्हा त्यांना भेटायला गेले. त्यांनी चहा दिला, पायाची चौकशी केली आणि म्हणाले, पोरी, आता हा विषय नको. मी पुन्हा काढला नाही.

सायबाचं काही झालं नाही. डुकराच्या हल्ल्यात बाई जखमी, एवढीच नोंद राहिली. मात्र तो घाबरला. बंदूक घेऊन यायचा बंद झाला, बंगला दुसऱ्याला चालवायला दिला. त्या नव्या माणसाला डुकरांचा वास नको होता, त्याने भात टाकणं बंद करवलं. मग जे व्हायचं तेच झालं. पंगतीला सोकावलेला तो सगळा कळप उपाशी होऊन शेतांत घुसला. त्या वर्षी वरच्या आळीत एकाच्याही पदरात धड भात पडला नाही. बायका पाणवठ्यावर मला ऐकू जाईल अशा बेताने बोलायच्या, हिनं तोंड उघडलं नि गावावर डुकरं सोडली. माझी जाऊ, म्हणजे दिराची बायको, माझ्याशी बोलत नाही. दिराची नोकरी गेली, तो आता खांबला हायवेवर पंक्चरच्या दुकानात असतो. नवऱ्याशी मी बोलते. एका घरात राहायचं म्हणजे बोलावं लागतं.

गेल्या उन्हाळ्यात मी कोलाडला एसटीची वाट बघत होते. पाय ताठ पुढे घेऊन दुकानाच्या दाराला टेकून उभी होते. एक गाडी थांबली, त्यातून सायब उतरला, पाण्याची बाटली घ्यायला. मी त्याला गाडीच्या काचेआड पुष्कळदा पाहिलं होतं. त्याने मला ओळखण्याचा प्रश्नच नव्हता. मी वाटेत होते म्हणून तो थबकला, माझ्या पायाकडे बघितलं आणि दुकानदाराला म्हणाला, अहो, ताईंना खुर्ची द्या की. मग मला विचारलं, "काय झालं हो पायाला?"

"डुकरानं मारलं," मी म्हणाले.

"अरेरे. फार झालीत हो डुकरं इकडे," तो म्हणाला. "जपून राहा."

त्याने बाटलीचे पैसे दिले आणि गेला. दुकानदाराने खुर्ची पुढे सरकवली. मी तिच्यावर बसले नाही, उभीच राहिले. एसटी यायला अजून बराच वेळ होता.